मूत्रपिंडाला सगळ्यात शेवटी कळतं

प्रश्न असा आहे: "माझ्या ३६ वर्षांच्या भावाच्या पायांवर सूज आली, लघवीतून खूप प्रोटीन जातंय असं निघालं. बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपथी आली, रक्तात पीएलए२आर अँटीबॉडी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी ‘प्रायमरी’ असं लिहिलंय आणि कारण सांगता येत नाही म्हणाले. सूज यायच्या आधी महिनाभर त्याला व्हायरल ताप येऊन गेला होता आणि गुडघ्यासाठी त्यानं दहा दिवस पेनकिलर घेतल्या होत्या. यातलं नेमकं कशानं झालं? कारणच सापडत नसेल तर इतकी वर्षं संशोधन कशावर चाललंय? आणि त्याच्या मुलीला हे होऊ शकतं का?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: बहुधा दोन्हींमुळे नाही. हे ‘बहुधा’ कुठून आलं ते सांगायला मात्र वेळ लागेल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

गेली तीसेक वर्षं मी किडनीचे रुग्ण बघतोय. निदान कानावर पडलं की घरची माणसं शेवटच्या महिन्याचा हिशोब मांडायला बसतात. ताप, गोळ्या, प्रवास, कामाचा ताण, जागरणं. सूज दिसली तो दिवस सगळ्यांच्या लक्षात असतो, म्हणून शोध तिथून मागे सुरू होतो आणि चार-सहा आठवड्यांत थांबतो. पण सूज म्हणजे या आजाराची सुरुवात नव्हे. मेम्ब्रेनस नेफ्रोपथीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच किडनीवर उठते. एरवी जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी आधी रक्तात तयार होतात. त्या मूत्रपिंडातल्या गाळण्यांवर जाऊन बसतात. मग प्रोटीन गळू लागतं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन उतरतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं, आणि मग कधीतरी एका संध्याकाळी मोजे काढल्यावर पायावर खोल वळ दिसतो. त्या वळाच्या मागे किती महिने गेलेले असतात ते रुग्णालाही माहीत नसतं.

हे निव्वळ अंदाजाचं बोलणं नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे सैनिकांच्या रक्ताचे नमुने गोठवून ठेवलेले आहेत, सेवेच्या काळात वेळोवेळी घेतलेले. पुढे एखाद्याला आजार झाला की त्याचं तो धडधाकट असतानाचं रक्त काढून तपासता येतं. २००३ मध्ये ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या एका आजाराच्या, १३० रुग्णांचे असे जुने नमुने तपासले गेले. त्यांतल्या ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच ल्युपसची किमान एक अँटीबॉडी होती. सरासरी ३ वर्षांहून जास्त आधी, आणि काहींत तर ९ वर्षांहून अधिक आधी. नंतर त्याच साठ्यातून गुडपाश्चर आजार (यातही शरीर स्वतःच्याच किडनीवर उठतं) आणि लहान रक्तवाहिन्यांना सूज आणणारा व्हॅस्क्युलायटिस यांचे रुग्ण तपासले; तिथेही काहींच्या रक्तात आजाराची चाहूल आधीपासून होती. २०२० मध्ये तुमच्या भावाच्या आजाराचा नंबर लागला. पीएलए२आर अँटीबॉडी निदानाच्या कित्येक महिने आधी, काहींत वर्षांनी आधी सापडल्या. लघवीत काही दिसण्यापूर्वीसुद्धा.

म्हणजे ज्या महिन्याचा तुम्ही हिशोब करताय, त्या महिन्यात गोष्ट कदाचित अर्ध्यावर आलेली होती. ताप आला म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तिथे लघवी तपासली आणि प्रोटीन सापडलं, असंही पुष्कळदा होतं. तापानं आजार दिला असं नव्हे, आजार उघडकीला आणला एवढंच.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आयजीए नेफ्रोपथीत, म्हणजे आयजीए नावाच्या अँटीबॉडीचे थर किडनीत साचण्याच्या आजारात, दिसतं. घसा धरतो आणि एक-दोन दिवसांत लघवी लालसर-चहासारखी होते. रुग्ण सांगतो, घशामुळे किडनी गेली. पण एक-दोन दिवस नवी अँटीबॉडी बनवायला पुरतच नाहीत. स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीनंतर किडनीला जी सूज येते ती एक ते तीन आठवड्यांनी येते. तिथे संसर्ग खरोखरच सुरुवात असतो. आयजीएमध्ये घसा फक्त आधीपासून धुमसणाऱ्या निखाऱ्यावर फुंकर घालतो. माझ्या शिकाऊ डॉक्टरांना मी हे दिवसांचं अंतर आधी विचारायला लावतो, बाकीचं नंतर.

आता संशोधनाकडे. ‘कारण माहीत नाही’ हे वाक्य मी शिकत होतो तेव्हाही म्हटलं जायचं आणि आजही म्हटलं जातं, पण त्याचा अर्थ पार बदललाय. तेव्हा त्याचा अर्थ होता की शरीर नेमकं कशावर हल्ला करतंय हेच ठाऊक नाही. आज तुमच्या भावाच्या बाबतीत ते ठाऊक आहे. ते त्याच्या रिपोर्टवर छापलेलं आहे. पीएलए२आर हे गाळणीच्या पोडोसाइट नावाच्या पेशींवरचं एक प्रोटीन, आणि हल्ला त्याच्यावर आहे. हे कळायला ५० वर्षं लागली.

१९५९ मध्ये वॉल्टर हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना उंदराच्याच किडनीचा अर्क टोचला आणि माणसाच्या मेम्ब्रेनससारखा हुबेहूब आजार तयार केला. बरीच वर्षं सगळे समजत होते की रक्तात फिरणारे अँटीबॉडीचे गठ्ठे गाळणीत अडकतात, नाल्याच्या जाळीत कचरा अडकावा तसे. पुढे १९७० च्या दशकात दाखवलं गेलं की अँटीबॉडी तिथे अडकत नाही, ती पत्ता शोधत येते आणि पोडोसाइटवरच्या प्रोटीनलाच चिकटते. उंदरांतलं ते प्रोटीनही १९८० च्या दशकात सापडलं, मेगालिन. सगळे खूश. मग माणसाच्या पोडोसाइटवर शोधलं तर मेगालिन तिथे नव्हतंच! उंदराचं उत्तर उंदरापुरतं निघालं आणि पुढची वीसेक वर्षं विषय तिथेच थबकला.

कोंडी फुटली ती एका बाळामुळे. २००२ मध्ये पॅरिसच्या हाना देबिएक, पियर रोंको आणि सहकाऱ्यांनी एका नवजात बाळाची हकीकत छापली, ज्याला जन्मतःच मेम्ब्रेनस होता. त्याच्या आईच्या शरीरात एक एन्झाइम मुळातच बनत नव्हतं. आधीच्या गर्भारपणात गर्भाकडून आलेलं ते एन्झाइम तिच्या शरीराला परकं वाटलं, तिनं अँटीबॉडी बनवल्या, आणि पुढच्या वेळी त्या वारेतून बाळाच्या किडनीपर्यंत पोचल्या. एवढं दुर्मीळ उदाहरण की डॉक्टरच्या आख्ख्या कारकिर्दीत दिसणार नाही. पण माणसाच्या पोडोसाइटवरचं प्रोटीन अँटीबॉडीचं लक्ष्य होऊ शकतं हे त्यातून पहिल्यांदा सिद्ध झालं.

त्यानंतर २००९ मध्ये बोस्टनमध्ये लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटानं नेहमीच्या रुग्णांमधलं लक्ष्य शोधलं. यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. प्रयोगशाळेत प्रोटीन तपासताना त्याच्या घड्या आधी रसायनानं उलगडून घ्यायची रीत असते. यांनी काही घड्या तशाच राहू दिल्या, आणि रुग्णांच्या सीरममधल्या अँटीबॉडी एका पट्टीला चिकटलेल्या दिसल्या. घड्या मोडल्या की ती पट्टी गायब. ३७ पैकी २६ रुग्णांत ती अँटीबॉडी होती. उत्तर आधीपासून समोर असू शकतं, आपण ते तपासण्याआधीच मोडून टाकत असू तर दिसणार कुठून?

तिथून पुढे वेग वाढला. २०१४ मध्ये दुसरं लक्ष्य मिळालं, मग बायोप्सीतला गाळणीचा भाग लेझरनं कापून त्यातली प्रोटीन मोजायच्या तंत्रानं एकामागून एक नवी नावं येत गेली. पूर्वी एकच वाटणारा मेम्ब्रेनस आता अनेक आजारांची मोट आहे असं दिसतंय. तुमच्या भावाचा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा.

पण लक्ष्य कळलं म्हणजे कारण कळलं का? इथे तुमच्या डॉक्टरांशी मी अर्धा सहमत आहे. कुणावर हल्ला होतोय हे कळलं. परवानगी कुणी दिली आणि ठिणगी कुठून पडली हे दोन प्रश्न उरतात.

परवानगीचं बरंच उत्तर जनुकांत आहे. २०११ मध्ये युरोपातल्या रुग्णांच्या अभ्यासात दोन ठिकाणं ठळक दिसली: एक पीएलए२आर बनवणाऱ्या जनुकातच, दुसरं एचएलए जनुकांच्या गटात. एचएलए म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या ताटल्या समजा. त्यांत प्रोटीनचे तुकडे ठेवून पेशी ते टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्यांना, दाखवतात. कुणाची ताटली कशी आहे त्यावर कुठला तुकडा कसा बसेल हे ठरतं. गुडपाश्चर आजारात हे फार सुंदर उलगडलं गेलं. तिथे हल्ला गाळणीच्या पडद्यातल्या कोलॅजनवर असतो. २०१७ च्या एका कामात दिसलं की कोलॅजनचा तोच तुकडा एका प्रकारच्या ताटलीत बसला की टी-पेशी भडकतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या ताटलीत तोच जरा वेगळा बसला की त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी आवर घालणाऱ्या असतात. ज्याच्याकडे दोन्ही ताटल्या आहेत तो बहुधा वाचतो. आईवडिलांकडून आलेलं एक जनुक धोका देतं आणि दुसरं राखण करतं, असा प्रकार.

तुमच्या भाचीचा प्रश्न इथेच येतो. मेम्ब्रेनसच्या त्या अभ्यासात दोन्ही ठिकाणी धोक्याची दुहेरी प्रत असलेल्यांना आजाराची शक्यता सुमारे ७८ पट निघाली. आकडा वाचून छाती दडपते. पण मुळात हा आजार वर्षाला लाखात एखाद्यालाच होतो, त्यामुळे ती दुहेरी प्रत घेऊन जन्मलेल्या बहुतेकांना तो आयुष्यात कधीच होत नाही. मुलीला अर्धी जनुकं आईकडून आलेली आहेत हेही आहेच. तिची जनुकीय तपासणी करू नका. निकाल काहीही आला तरी करण्यासारखं काही नसेल आणि काळजी मात्र घरात कायमची राहील. कधी सूज आली किंवा लघवीला फार फेस यायला लागला तर साधी लघवीची तपासणी, एवढं पुरे.

ठिणगीच्या बाबतीत आमचं ज्ञान तुटक आहे, पण जिथे आहे तिथे डोळे उघडणारं आहे. पारा घ्या. १९७२ मध्ये नैरोबीतल्या स्त्रियांमध्ये त्वचा उजळवणाऱ्या पारायुक्त क्रीममुळे किडनीतून प्रोटीन जातं हे छापून आलं होतं. ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांना पारा दिला की ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचा, आजार होतो, लुइस जातीच्या उंदरांना तोच पारा दिला तर होत नाही. परवानगी आणि ठिणगी दोन्ही लागतात याचा याहून सोपा धडा नाही. तरी माणसाच्या किडनीत पारा नेमकं काय करतो हे कोडंच होतं. २०२० च्या आसपास मेम्ब्रेनसचं नेल-१ नावाचं नवं लक्ष्य सापडलं, आणि मग भारतातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की नेल-१ असलेल्या पुष्कळ रुग्णांनी पारा असलेली पारंपरिक औषधं किंवा उजळ करणारी क्रीम वापरलेली होती. ते बंद केल्यावर बहुतेकांचं प्रोटीन कमी झालं. माझ्याकडेही अशी एक तरुणी होती. तीनदा विचारूनही ती ‘औषध काही घेत नाही’ म्हणाली, आणि तिच्या परीनं ते खरंच होतं. क्रीमला औषध कोण म्हणतं? तेव्हापासून मी प्रश्न बदललाय. काय घेता असं न विचारता काय लावता, काय चाटता, कुणी काय आणून दिलंय, असं विचारतो.

दुसरी ठिणगी गाठीची. २०१६ मध्ये एका रुग्णाची नोंद आली, ज्याच्या पित्ताशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर मेम्ब्रेनसचं एक लक्ष्य, टीएचएसडी७ए, होतं. शरीरानं अँटीबॉडी बनवल्या बहुधा गाठीविरुद्ध, पण तेच प्रोटीन पोडोसाइटवरही असल्यानं किडनी नाहक मध्ये सापडली. कर्करोगावर उपचार झाल्यावर अँटीबॉडी गेल्या आणि प्रोटीनही उतरलं. नेल-१ प्रकारातही कर्करोगाची सोबत नेहमीपेक्षा जास्त दिसते. पीएलए२आर प्रकारात ती फारशी दिसत नाही, हे तुमच्या भावाच्या बाजूनं.

तिसरी ठिणगी हवा. चीनमधल्या २८२ शहरांतल्या ७१,१५१ बायोप्सींचा ११ वर्षांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. मेम्ब्रेनसची शक्यता दरवर्षी सरासरी १३ टक्क्यांनी वाढत होती, आणि हवेत पीएम २.५ नावाचे अतिसूक्ष्म कण जिथे जास्त तिथे ती अधिक होती. पीएलए२आर फुप्फुसातही असतं, त्यामुळे प्रदूषणानं दुखावलेल्या फुप्फुसात शरीर पहिल्यांदा त्याच्यावर उठत असेल, ही कल्पना पटण्यासारखी आहे. मला ती पटते. पण पटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर असतं, आणि शहरांची सरासरी एका माणसाच्या फुप्फुसाविषयी काही सिद्ध करत नाही.

आतड्यातल्या जिवाणूंविषयी मात्र मी जरा चिडखोर आहे. ‘रुग्णांचे जिवाणू निरोगी लोकांपेक्षा वेगळे आढळले’ असे लेख दर आठवड्याला येतात. रुग्णांनी स्टेरॉइड घेतलेली असतात, अँटिबायोटिक घेतलेली असतात, खाणं बदललेलं असतं. वेगळे नसते तरच नवल. आयजीए नेफ्रोपथी हा थोडा अपवाद. तिथे बिघडलेली आयजीए श्लेष्मल त्वचेतून येते याला चांगला आधार आहे, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात विरघळणारं स्टेरॉइड २०२१ पासून त्यासाठी वापरात आलंय. दोष किडनीचा नाही याचा पुरावा तर त्याहून जुना आहे: आयजीएचे थर असलेली किडनी चुकून निरोगी रक्ताच्या माणसात बसवली गेली तेव्हा ते थर हळूहळू विरघळून गेले, आणि आयजीएच्या रुग्णाला बसवलेल्या नव्या कोऱ्या किडनीत मात्र ते पुन्हा येऊ शकतात.

‘इडिओपॅथिक’, म्हणजे ‘कारण अज्ञात’, हा आमचा जुना शब्द किती आकसत चाललाय याचं ताजं उदाहरण लहान मुलांचं आहे. मुलांच्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे लघवीतून खूप प्रोटीन जाऊन अंगावर सूज येते त्यात, अँटीबॉडीचा काही संबंध नसावा असंच आम्ही शिकलो. २०२४ मध्ये एका मोठ्या अभ्यासात, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न घेतलेल्या आणि आजार चालू असलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांत नेफ्रिन या पोडोसाइटच्याच प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या. औषध सुरू झालं की त्या पटकन उतरतात, म्हणून इतकी वर्षं निसटल्या. पुन्हा तेच, रक्त चुकीच्या वेळी घेतलं जात होतं. ल्युपसमध्ये २०२२ साली एका मुलीत टीएलआर७ या एका जनुकातला एकच बदल आख्खा आजार घडवतो हे दाखवलं गेलं. ते जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं, स्त्रियांत एक्स दोन असतात, आणि ल्युपसच्या दर दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात.

या सगळ्याचा रुग्णाला उपयोग काय, असं नातेवाईक विचारतात, आणि विचारायलाच हवं. व्हॅस्क्युलायटिसमध्ये २००२ साली उंदरांवर दाखवलं गेलं की अँटीबॉडी टोचल्या की किडनी बिघडते. पुढे त्यात कॉम्प्लिमेंट नावाच्या, रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या प्रोटीनच्या साखळीचा हात दिसला, आणि २०२१ मध्ये ती साखळी अडवणारी अवाकोपॅन ही गोळी रुग्णांपर्यंत आली. १९ वर्षं. हळू वाटतं, पण स्टेरॉइडचा ढीग कमी करणारी गोळी रुग्णाच्या हातात देताना मला ती वर्षं वाया गेली असं वाटत नाही.

आता भावाकडे येऊ. पेनकिलर त्यानं आता पुन्हा घेऊ नयेत; या गोळ्या क्वचित मेम्ब्रेनस घडवू शकतात, आणि आधीच गळणाऱ्या किडनीला तर त्या चालतच नाहीत. फक्त पीएलए२आर पॉझिटिव्ह असताना दहा दिवसांच्या गोळ्यांवर दोष टाकायला मी धजणार नाही, आणि गोळ्या आणून देणाऱ्यानं स्वतःला खात बसू नये. क्रीम, भस्मं, वजन कमी करण्याच्या पुड्या यांची चौकशी एकदा घरी शांतपणे करा. धूम्रपान करत असेल तर सोडू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या अँटीबॉडीचा आकडा. जो उशीर आजार येताना झाला तोच जाताना होतो. उपचार लागू पडला की आधी अँटीबॉडी उतरतात, प्रोटीन त्यानंतर कित्येक महिन्यांनी. या मधल्या काळात लघवीत तेवढंच प्रोटीन दिसतं आणि घरचे हवालदिल होऊन डॉक्टर बदलतात. अँटीबॉडी उतरत असतील तर थांबा. उलट प्रोटीन जरा कमी होऊनही अँटीबॉडी वाढत असतील तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं करा, कारण वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पुढच्या वेळी जाताना पहिला रिपोर्ट सोबत न्या, त्यावरची तारीख आणि आकडा दोन्ही लागतील.